तिऱ्हाइताच्या साक्षीने : जुन्या मालाच्या सौद्याचा इतिहास

मराठीत ‘तिऱ्हाईत’ या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. ज्याचा आपल्याशी काही संबंध नाही असा परका माणूस हा एक अर्थ, आणि दोघांच्या व्यवहारात कोणाचीही बाजू न घेणारा, म्हणून ज्याच्या शब्दाला वजन आहे असा तिसरा माणूस हा दुसरा. महागडी, पण कोणीतरी आधी वापरलेली वस्तू अनोळखी माणसाकडून विकत घेण्याच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ समोरासमोर येतात, कारण विकणारा पहिल्या अर्थाने तिऱ्हाईत असतो आणि त्यामुळेच दुसऱ्या अर्थाच्या तिऱ्हाइताची गरज पडते. नव्या मालामागे दुकान, कारखाना आणि त्यांचे नाव उभे असते. जुन्या मालामागे फक्त तो हातात धरून उभा असलेला माणूस असतो. ही वस्तू त्याची आहे का, ती धड आहे का, आणि पैसे दिल्यावर ती खरोखर आपल्या हाती पडेल का, या शंका त्या माणसाला विचारून फिटत नाहीत. त्या फेडण्यासाठी प्रत्येक काळाने कोणीतरी तिसरा उभा केला. कधी तो बाजाराचा अधिकारी होता, कधी दलाल, कधी सरकारी नोंदवही, आणि अलीकडे संगणकावरची एखादी खूण. या तिसऱ्याचे रूप कसकसे बदलत गेले, याचाच हा इतिहास आहे.

कौटिल्याच्या नावावर असलेल्या अर्थशास्त्रात जुन्या मालाचा स्वतंत्र उल्लेख सापडतो, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. हा ग्रंथ १९०५ साली म्हैसूरला हस्तलिखितरूपात उजेडात आला, १९०९ साली छापला गेला, आणि पुढे मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्याच्या चौथ्या अधिकरणात, म्हणजे समाजाला उपद्रव देणाऱ्या ‘कंटकां’च्या बंदोबस्ताविषयीच्या भागात, ‘संस्थाध्यक्ष’ नावाच्या बाजार-अधिकाऱ्याची कामे सांगताना सुरुवातच ‘पुराणभांडां’पासून, म्हणजे वापरलेल्या जुन्या मालापासून होते. असा माल गहाण ठेवायचा असो वा विकायचा असो, त्यावरील मालकी शाबीत झाल्यावरच बाजारात त्यास परवानगी द्यावी, असा तेथील दंडक आहे. खोट्या वजनमापांची आणि भेसळीची चर्चा त्यानंतर येते. ज्या ग्रंथकाराला राज्यकारभाराच्या पोटातील बहुतेक सर्व लबाड्या ठाऊक होत्या, त्याने जुन्या मालाला मानाचे पहिले पान दिले, याचे कारण उघड आहे: चोरीचा माल पचवण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे जुन्याचा बाजार.

धर्मशास्त्राच्या ग्रंथांनी हाच प्रश्न ‘अस्वामिविक्रय’ या नावाखाली घेतला. अस्वामिविक्रय म्हणजे जो मालक नाही त्याने केलेली विक्री, आणि न्यायदानाच्या पारंपरिक अठरा विषयांत, म्हणजे ‘व्यवहारपदां’त, त्याला स्वतंत्र स्थान होते. मूळ मालकाला आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती दिसली तर ती परत मिळावी, हे तत्त्व ठाम होते. प्रश्न होता तो मध्येच अडकलेल्या खरेदीदाराचा. उघड बाजारात, लोकांच्या देखत, योग्य किंमत देऊन त्याने ती घेतली असेल तर तो शिक्षेतून सुटतो, मात्र वस्तू मालकाकडे जाते, अशी मनुस्मृतीची भूमिका आहे. खरेदीदाराने विकणाऱ्याला हजर केले, तर दोष त्या विकणाऱ्यावर जातो. याज्ञवल्क्यस्मृतीने त्याच्या उलट बाजू सांगितली. खरेदी लपूनछपून झाली असेल, ज्याच्याकडे अशी वस्तू असण्याचा संभव नाही अशा माणसाकडून झाली असेल, एकांतात झाली असेल, फार कमी भावाने झाली असेल किंवा अवेळी झाली असेल, तर खरेदीदारालाच चोर समजावे, असे तिचे म्हणणे आहे. येथे स्मृतिकाराने विकत घेणाऱ्याच्या मनाची चौकशी केलेली नाही. त्याने फक्त सौद्याची जागा, वेळ, भाव आणि समोरचा माणूस पाहिला, आणि एवढ्यावरून जे खरेदीदाराला कळायला हवे होते ते त्याला कळलेच होते असे धरले.

या स्मृतीवरची ‘मिताक्षरा’ ही विज्ञानेश्वराची टीका कल्याणीच्या चालुक्य राजधानीत, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, म्हणजे १०७६ ते ११२६ या वर्षांच्या दरम्यान रचली गेली. ही कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. पुढे सतराव्या शतकात, मूळ पैठणच्या पण काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने लिहिलेला ‘व्यवहारमयूख’ हा ग्रंथ पश्चिम भारतात प्रमाण मानला गेला. अशा रीतीने या तरतुदी महाराष्ट्राला परक्या राहिल्या नाहीत, जरी गावोगावच्या बाजारांत त्या नेमक्या कितपत पाळल्या जात होत्या हे ग्रंथावरून ठरवता येत नाही. ग्रंथ आदर्श सांगतो, आणि बाजार त्यातले सोयीचे तेवढे घेतो.

दुसरी शंका, म्हणजे वस्तू धड आहे की नाही ही, शास्त्रकारांनी वेगळ्या विषयात मांडली. ‘क्रीतानुशय’ म्हणजे घेतल्यानंतर झालेला पश्चात्ताप. मनूने घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही सौदा मोडण्यासाठी दहा दिवसांची मुदत दिली, तर याज्ञवल्क्याने मालागणिक परीक्षेचे दिवस बांधून दिले: बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पाच, रत्नास सात, दुभत्या जनावरास तीन. त्याच यादीत दासीला एक महिना आणि दासाला अर्धा महिना दिलेला आहे, आणि माणसाची ‘परीक्षा’ बैल व हिरा यांच्या ओळीत सहज बसवलेली पाहून आजच्या वाचकाने थबकावे हे योग्यच आहे. तरीही यादीमागचा हिशेब लक्षात घेण्याजोगा आहे, कारण प्रत्येक मालाची खोड बाहेर पडायला जेवढा वेळ लागतो तेवढीच मुदत देण्याचा तो प्रयत्न आहे: लोखंड एका दिवसात कळते, बियाणे रुजेपर्यंत कळत नाही. नारदस्मृतीने परत करण्याची किंमतही लावली. दुसऱ्या दिवशी परत केल्यास मूल्याचा तिसावा हिस्सा सोडावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, आणि त्यानंतर माल घेणाऱ्याचाच. वापरून जीर्ण झालेल्या, मळक्या वस्त्राबद्दल मात्र तिने स्पष्ट सांगितले की घेतानाच ते तसे होते, तर ते परत करता येणार नाही. जुन्या मालाच्या सौद्याचा हा एक फार जुना लिखित नियम आहे: दिसणारा दोष घेणाऱ्याचा, लपवलेला दोष देणाऱ्याचा.

परीक्षेच्या या मुदतीची मराठी व्यापारातील वंशज म्हणजे ‘जांगड’. पसंत पडल्यास ठेवावा, न पडल्यास परत करावा या बोलीवर नेलेल्या मालाला जांगड माल म्हणत आणि तो विक्रीच्या वहीत न चढवता जांगडवहीत टिपून ठेवत. हिऱ्यामोत्यांच्या व्यापारात ही पद्धत आजही जिवंत आहे. परंतु जांगड नेणारा माणूस ओळखीचा, निदान कोणाच्या तरी ओळखीचा असावा लागतो. ज्याचे गाव ठाऊक नाही त्याच्या हाती कोणी पाचूची अंगठी जांगड देत नाही.

अनोळखी माणसांमध्ये महागड्या मालाचा सौदा खऱ्या अर्थाने मोठ्या प्रमाणावर होई तो जनावरांच्या बाजारात. शेतकऱ्याच्या घरात जमिनीखालोखाल मोलाची वस्तू म्हणजे बैलजोडी, आणि ती जवळजवळ नेहमी वापरलेलीच विकत घेतली जाई. दत्तजयंतीच्या सुमारास भरणारा नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याचा घोडेबाजार, नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा, खिलार जनावरांसाठी नावाजलेली सांगली जिल्ह्यातील खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा, या ठिकाणी शेकडो कोसांवरून आलेले लोक एकमेकांना आयुष्यात एकदाच भेटत आणि त्या एका भेटीत वर्षभराच्या कमाईएवढी रक्कम हातातून हातात जाई. देवाच्या यात्रेत बाजार भरणे हे केवळ गर्दीच्या सोयीसाठी नव्हते. त्याच दिवशी, त्याच देवाच्या दारी पुढच्या वर्षी पुन्हा यायचे आहे ही जाणीव हेड्याच्या, म्हणजे गावोगाव जनावरे घेऊन फिरणाऱ्या व्यापाऱ्याच्या, लबाडीला थोडाफार लगाम घालीत असे.

थोडाफारच, कारण बैल सजवून विकण्याच्या युक्त्या पुष्कळ होत्या. शिंगे साळून, तेल चोपडून बैलाचे वय झाकता येई. धार न काढता कास तुंबवून ठेवली की गाय प्रत्यक्षाहून अधिक दुभती दिसे. म्हणून पारख करणारा आधी तोंड उघडे. कायमचे दात न आलेला तो ‘आदत’, दोन दात आलेला ‘दुसा’, चार दातांचा ‘चौसा’, आणि सगळे दात आलेला तो ‘जुळलेला’, ही भाषा म्हणजे बैलाच्या तोंडातला जन्मदाखलाच होता, कारण कायमच्या दातांची पहिली जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास येते आणि चौथी पाच वर्षांच्या आसपास पुरी होते. दातांवरून वय कळते, स्वभाव कळत नाही. बैल मारका आहे, बुजरा आहे की जुवाखाली बसकण मारतो, हे पाहण्यासाठी त्याला चालवून, गाडीला जुंपून पाहावे लागे, आणि गाय घ्यायची तर दोन्ही वेळची धार स्वतः काढून पाहण्याचा आग्रह शहाणा शेतकरी धरी. अंगावरच्या भोवऱ्यांवरून, म्हणजे केसांच्या वळणांवरून, शुभाशुभ ठरवण्याचे शास्त्रही होते. पण त्याने बैलाच्या पायातले लंगडेपण कमी झाल्याचे ऐकिवात नाही.

या बाजारातला खरा तिऱ्हाईत म्हणजे दलाल. घेणारा आणि देणारा यांच्यामध्ये तो उभा राही आणि उपरण्याखाली किंवा रुमालाखाली दोघांच्याही हाताची बोटे दाबून भाव ठरवी. या बोटांच्या भाषेला ‘करपल्लवी’ असे सुंदर नाव आहे. भोवती दहाजण उभे असले तरी आकडा तिघांखेरीज कोणाला कळत नसे, आणि त्यामुळे कमी भावाला विकल्याची नामुष्की किंवा जास्त दिल्याचा बभ्रा टळे. या गुप्ततेकडे पाहून करपल्लवी म्हणजे लबाडीचेच साधन, असा समज शहरी माणसाचा होतो. वस्तुस्थिती निम्मी तशी आहे. दलाल दोन्हीकडून दलाली खाई आणि अडाण्याला फसवीही, परंतु सौदा मोडला तर भांडण त्याच्याच दारात येई, जनावर चोरीचे निघाले तर पाटील त्यालाच बोलावी, आणि ज्याचे नाव बाजारात एकदा बुडाले त्याच्या रुमालाखाली पुन्हा कोणी हात घालीत नसे. दलाली ही निव्वळ श्रमाची मजुरी नव्हती. जबाबदारी अंगावर घेण्याचे ते मोल होते. सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून आधी थोडी रक्कम दिली जाई, तिला ‘विसार’ किंवा ‘इसार’ म्हणत. घेणारा फिरला तर विसार बुडे. पुढे बाजार समित्यांच्या काळात जनावराचे वर्णन आणि दोन्ही पक्षांची नावे लिहिलेली पावती आली, आणि वाटेत अडवणाऱ्या पोलिसाला दाखवण्यासाठी ती कनवटीला लावूनच बैल गावी नेले जाऊ लागले.

देणाऱ्याचीही एक शंका असे आणि ती इतिहासात बहुतेक दुर्लक्षित राहते: मिळालेला पैसा खरा आहे का? अनेक टाकसाळींची, अनेक कसांची नाणी एकाच वेळी चलनात असलेल्या मराठेशाहीत ही शंका रोजची होती. तिच्यासाठी पोतदार होता. नाणे पारखणे, खोटे वेगळे काढणे आणि कसानुसार बट्टा, म्हणजे किमतीतली घट, सांगणे हे त्याचे काम होते. मालाचा पारखी वेगळा आणि पैशाचा पारखी वेगळा, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. शहरात त्यावर कोतवालीची देखरेख असे. पेशवाईतील पुण्याच्या कोतवालाकडे भावांवर नजर ठेवण्याबरोबरच घरे आणि जागा यांच्या खरेदीविक्रीची नोंद करण्याचे काम होते. जंगम मालाची, म्हणजे हलवता येणाऱ्या वस्तूंची, मात्र अशी नोंद सहसा नसे, आणि त्यामुळे तलवार, भांडी किंवा दागिना एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मागे फक्त माणसांची आठवण उरे.

इंग्रजी अमलात न्यायालयांनी आपला कायदा आणला. १८७२ च्या करार कायद्यातील मालविक्रीची कलमे पुढे वेगळी काढून १९३० चा मालविक्री कायदा झाला, आणि त्यात दोन तत्त्वे स्पष्ट झाली. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून चांगला हक्क, काही अपवाद वगळता, घेणाऱ्याला मिळत नाही, हे एक. आणि मालाच्या गुणवत्तेची हमी सामान्यतः गृहीत धरली जाणार नाही, घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, हे दुसरे. इंग्लंडमध्ये मात्र मध्ययुगापासून एक विचित्र अपवाद चालत आला होता: उघड बाजारात, दिवसाढवळ्या, सद्भावाने घेतलेला चोरीचा मालही घेणाऱ्याचा होत असे. हा नियम तेथे थेट १९९४ च्या दुरुस्तीने रद्द झाला. भारतीय कायद्याने तो कधी स्वीकारलाच नाही, त्यामुळे या एका मुद्द्यावर ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इंग्लंडपेक्षा मनुस्मृतीच्या अधिक जवळ राहिला, हा इतिहासाचा एक गमतीदार फेरा आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा दंडसंहितेच्या ४११ व्या कलमाखाली गुन्हा ठरला आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमात गेला.

याच काळात मुंबईच्या मटण स्ट्रीटवर चोरबाजार वाढला. हे नाव मूळचे ‘शोर बाजार’, म्हणजे गलबल्याचा बाजार, आणि इंग्रजांच्या उच्चारात त्याचे चोर झाले, अशी व्युत्पत्ती लोक सांगतात. राणी व्हिक्टोरियाचे व्हायोलिन जहाजातून उतरवताना नाहीसे झाले आणि याच बाजारात मिळाले, अशीही एक कथा आहे. राणीने हिंदुस्थानात कधी पाऊलही ठेवले नव्हते, ही अडचण कथेला कधी जाचलेली दिसत नाही. खरी लक्षणीय गोष्ट वेगळी आहे. तेथील शुक्रवारचा बाजार उजाडण्यापूर्वी, बत्तीच्या उजेडात सुरू होतो, आणि अवेळी, कमी भावात घेतलेला माल म्हणजे काय, याचे याज्ञवल्क्याने केलेले वर्णन त्याला चपखल लागू पडते. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार याच्या मानाने साधासुधा. तेथे महागड्या वस्तूंपेक्षा नळाच्या तोट्या आणि सायकलीचे सुटे भाग अधिक.

महागड्या जुन्या मालाला सरकारी नोंदवही खऱ्या अर्थाने मिळाली ती मोटारीमुळे. बैलाची ओळख त्याच्या रंगावरून आणि शिंगांवरून, पण मोटारीच्या सांगाड्यावर आणि इंजिनावर कारखान्यातच क्रमांक ठोकलेला असतो, आणि नोंदणी कार्यालयातील कागदावर तो मालकाच्या नावाशी जोडलेला असतो. चासीच्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेला ठसा अर्जाला जोडण्याची रीत म्हणजे वस्तूलाच स्वतःची साक्ष द्यायला लावणे होय. सध्याच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमानुसार विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतरण कळवायचे असते. २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने भरल्याखेरीज नाव बदलत नाही, आणि कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा कागद लागतो. बाजारातील सोयीची रीत मात्र कोऱ्या नमुन्यांवर सही करून गाडी देऊन टाकण्याची होती. अनेक हातांतून फिरलेल्या अशाच एका गाडीच्या अपघातात, नोंदवहीत नाव उरलेल्या पहिल्या मालकालाच भरपाईसाठी जबाबदार धरणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला, आणि नोंदवही विकणाऱ्याचेही संरक्षण करते ते तिच्यात आपले नाव पुसले गेले तरच, हे त्यातून उघड झाले.

परवाना पद्धतीच्या दशकांत पुण्याने जुन्या मालाची एक उलटी तऱ्हाही पाहिली. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून निघालेल्या बजाज चेतक स्कूटरसाठी अनेक वर्षांची प्रतीक्षायादी असे, त्यामुळे हातात मिळणारी वापरलेली स्कूटर कारखान्याच्या किमतीहून महाग विकली जाई. टंचाईच्या बाजारात घेणारा खोड विचारत नाही. मिळते आहे यातच तो धन्य असतो.

टंचाई नसताना काय होते, ते अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींवरच्या एका छोट्या निबंधात दाखवले. तीन नियतकालिकांनी नाकारलेल्या या निबंधाचा पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकात मोठा वाटा होता. त्यांचा युक्तिवाद असा, की गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, त्यामुळे घेणारा सरासरी भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. उरलेल्या मालाची सरासरी आणखी घसरते, भाव आणखी उतरतो, आणि शेवटी बाजारात टाकाऊच तेवढे शिल्लक राहते. अकरलॉफ त्याआधी वर्षभर भारतात राहिले होते, आणि निबंधात मोटारींच्या जोडीला भारतीय गृहिणी तांदळातून त्याच रंगाचे, मुद्दाम मिसळलेले खडे निवडते, हे उदाहरणही आले आहे. परातीत तांदूळ निवडण्याचा हा वेळ म्हणजे अविश्वासाची किंमत आहे, आणि बैलाचे तोंड उघडून दात मोजण्याचा वेळही तसाच.

संगणकीय जाळ्यावरच्या बाजारासमोर हा प्रश्न सर्वांत उघडा पडला, कारण तेथे तोंड उघडून पाहण्यासाठी बैलच समोर नसतो. १९९५ च्या सप्टेंबरात पिएर ओमिड्यार यांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या आणि पुढे ई-बे या नावाने ओळखल्या गेलेल्या लिलावस्थळावर पहिली विक्री झाली ती एका मोडक्या लेझर दर्शकाची, १४.८३ डॉलरना. अनोळखी लोकांचे तंटे सोडवून थकलेल्या ओमिड्यार यांनी १९९६ च्या फेब्रुवारीत घेणाऱ्या-देणाऱ्यांनी एकमेकांबद्दल जाहीर शेरा नोंदवण्याची सोय केली. ही बाजारातल्या दलालाच्या नावलौकिकाची आकड्यांतली आवृत्ती होती. तिच्या जोडीला ‘एस्क्रो’ आला, म्हणजे पैसे तिसऱ्याकडे अनामत राहायचे आणि वस्तू पोहोचून पसंत पडल्यावरच विकणाऱ्याला मिळायचे. जांगड आणि विसार यांचे हे एकत्रित रूप म्हणता येईल. भारतात मुंबईतून चालणारी बाझी डॉट कॉम ही कंपनी २००४ साली ई-बेने विकत घेतली आणि तिच्या भारतीय शाखेने ‘पैसापे’ नावाने पैसे मध्येच रोखून धरण्याची अशीच सोय दिली. ही शाखा २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झाली.

भारतीयांच्या सवयीचा झाला तो मात्र दुसऱ्याच जातीचा बाजार. ओएलएक्स आणि क्विकर यांसारख्या स्थळांनी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती फुकट करून दिल्या: छायाचित्र लावायचे, फोन क्रमांक द्यायचा, भेटायचे, ठरवायचे. निदान सुरुवातीच्या रूपात तेथे पैसे रोखून धरणारा कोणी नव्हता आणि शेऱ्यांची वहीही नव्हती. दलालीही नव्हती, आणि दलालीबरोबर दलालाची जबाबदारीही गेली. दोन माणसे समोरासमोर भेटली, वस्तू पाहिली आणि तेथेच पैसे दिले, तोवर हे निभावले. एकाच शहरातल्या भेटीऐवजी दूरवरून पैसे आधी पाठवण्याची वेळ आली, आणि २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमुळे ते क्षणात पाठवणे शक्य झाले, तेव्हा ठकांना मोकळे रान मिळाले.

या फसवणुकीची रीत बारकाईने पाहिली तर तिच्यात एक नवेपण दिसते. जुना ठक माल सजवीत असे. शिंगे साळणाऱ्या हेड्यापासून गाडीचे किलोमीटर मागे फिरवणाऱ्यापर्यंत सर्वांची कला वस्तूवर चालली. नवा ठक वस्तूला हातही लावत नाही, कारण त्याच्याजवळ बहुधा वस्तू नसतेच. तो बनावट तिऱ्हाईत उभा करतो. आपण लष्करात आहोत, बदली झाली म्हणून गाडी किंवा फोन स्वस्तात काढत आहोत, असे सांगून तो ओळखपत्राचे छायाचित्र पाठवतो. या बतावणीत बदलीने कमी भाव समजावून दिला जातो, छावणीने भेट न होण्याचे कारण मिळते आणि गणवेशाने विश्वास उसना घेतला जातो, अशी ती तिहेरी सोय आहे. मग वाहतुकीचे शुल्क, विम्याचे शुल्क, खोटी कुरिअर पावती. परदेशांत तर पैसे अनामत ठेवण्याची खोटी स्थळेच उभारली गेली, म्हणजे ज्या तिसऱ्यावर भरवसा ठेवायचा तोच ठकाचा भाऊ निघाला. याज्ञवल्क्याची लक्षणे येथे पुन्हा भेटतात, हीन मूल्य आणि एकांत, आणि त्यांच्या जोडीला घाई व ज्याचा ठावठिकाणा नाही असा विक्रेता.

विकणाऱ्याची फसवणूक याहून चमत्कारिक आहे. गिऱ्हाईक बनून आलेला ठक सांगितलेला भाव घासाघीस न करता मान्य करतो, जे कोणत्याही गुरांच्या बाजारात तत्काळ संशयास्पद ठरले असते, आणि पैसे ‘घेण्यासाठी’ म्हणून एक क्यूआर संकेतचित्र पाठवतो. विकणारा ते वाचून पिन टाकतो आणि पैसे येण्याऐवजी जातात, कारण यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन लागतच नाही, तो लागतो पैसे देताना. भरणा झाल्याचे खोटे चित्र दाखवणे हा त्याचाच धाकटा प्रकार. नाण्याचा नाद ऐकणारा पोतदार नाहीसा झाला, आणि त्याच्या जागी मोबाइलच्या पडद्यावरचा हिरवा बरोबर-शेरा आला, जो कोणालाही रंगवता येतो. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी धाडण्याची यूपीआयमधील सोयच राष्ट्रीय भरणा महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी केंद्र सरकारने ठेवलेला दूरध्वनी क्रमांक १९३० हा आहे. मालविक्री कायद्याच्या सालाशी तो जुळावा हा योगायोगच.

राज्यसंस्था पुन्हा नोंदवहीकडे वळली आहे. प्रत्येक मोबाइल संचाला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो आणि *#०६# दाबल्यावर तो दिसतो. २०२३ च्या मे महिन्यात दूरसंचार विभागाने खुल्या केलेल्या ‘संचार साथी’ या व्यवस्थेत तो टाकला की संच चोरीचा म्हणून रोखलेला आहे का, ते वापरलेला फोन घेण्याआधीच तपासता येते. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षरांकांची ओळखखूण आली. गुरांच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला आला, आणि बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदीविक्रीस महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून मनाई झाली. पुराणभांडांची मालकी शाबीत करून घेण्याचा कौटिल्याचा दंडक अशा तऱ्हेने क्रमांकांच्या रूपात परतला आहे, फरक इतकाच की संस्थाध्यक्षाचे काम आता बरेचसे घेणाऱ्यानेच स्वतःच्या फोनवर करायचे आहे. यात्रेच्या बाजारात मात्र बिल्ल्याचा क्रमांक पावतीवर उतरवून झाल्यावरही बैलाचे तोंड उघडून दात पाहिले जातात, त्याला चार पावले चालवले जाते, आणि भाव ठरवायची वेळ आली की दलाल खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकतो.